तीन पायांचं स्टूल आणि बारावीचे गुण

आठवडी बाजारात सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईसाठी एक ठेंगणं स्टूल करायचं आहे. गुडघ्यांना आराम मिळेल इतकं ते उंच हवं, पण पुढ्यातल्या ढिगापर्यंत आणि काट्यापर्यंत हात पोहोचेल इतकं खालीही हवं. टोपल्यांसोबत टेम्पोत चढवायचं असल्यामुळे हलकं हवं. बाजाराची जमीन कुठे फरशीची, कुठे मुरुमाची आणि जुलैत चिखलाची. अकरावीच्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवला तर त्यांना वर्ष पुरणार नाही.

एखादी हुशार मुलगी पहिल्या दहा मिनिटांत सांगेल, तीन पायांचं करू. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, त्यामुळे जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन पायांचं स्टूल डगमगत नाही. तिचं बरोबर आहे. आता तिलाच आकृती काढायला सांगा. बैठक गोल, व्यास ३०० मिमी, पाय अगदी कडेला. पाय जोडून झालेल्या त्रिकोणाची बाजू मध्यापासून किती लांब? त्रिज्येच्या निम्मी, म्हणजे ७५ मिमी. चार पाय असते तर हेच अंतर १०६ मिमी झालं असतं. गिऱ्हाइकाला पिशवी देताना बाई उजवीकडे झुकते. तिचा गुरुत्वमध्य त्या बाजूच्या पलीकडे गेला की स्टूल उलटतं. तीन पायांना चार पायांइतकं भरवशाचं करायचं तर पाय २१२ मिमी त्रिज्येवर न्यावे लागतात, म्हणजे बैठकीच्या ६२ मिमी बाहेर. बाजाराच्या गर्दीत तिथे कोणीतरी अडखळणार. बरं, चार पाय घेतले तर डगमगणं परत आलं. पायांखाली उंची जुळवायचे बोल्ट लावले तर आट्यांत चिखल बसतो आणि थोड्याच दिवसांत ते फिरेनासे होतात.

या प्रश्नाला एकच एक बरोबर उत्तर नाही. कारणं देऊन ठामपणे मांडता येतील अशी तीन-चार उत्तरं आहेत, आणि त्यांतलं कुठलं निवडायचं हे ठरवण्यात त्रिकोणमिती, बल, दाब, माणसाच्या शरीराची मापं आणि बाजाराची रीत हे सगळं एकदम लागतं. नेमक्या याच कारणाने आपल्या अकरावी-बारावीत अशा प्रश्नाला जागा नाही.

म्हणणं असं आहे: डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या तिन्ही शाखांना खुला असलेला, पूर्ण १०० गुणांचा विषय हवा. त्यातले निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः ठरवून, बनवून, मोडून पुन्हा बनवलेल्या एका वस्तूला हवेत. आणि ते गुण पुढच्या प्रवेशात धरले जायला हवेत. यातली तिसरी गोष्ट सुटली तर पहिल्या दोन्ही वाया जातात, हे आजवर दोनतीनदा घडून गेलं आहे.

आज काय आहे ते आधी पाहू. विज्ञान शाखेत द्विलक्षी विषय आहेत, मुलांच्या बोलीत बायफोकल. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत देखभाल, यांत्रिक देखभाल, स्थापत्य असे हे २०० गुणांचे विषय, आणि त्यांपैकी १०० गुण प्रात्यक्षिकाचे. कागदावर हे उत्तम आहे. पण बायफोकल घेतलं की दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडता येतो, आणि प्रात्यक्षिकाचे गुण टक्केवारी वर नेतात. बहुतेक घरांत हा विषय निवडला जातो तो या हिशेबाने. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने दोन वर्षांत ब्रेडबोर्डवर वीस मंडलं जोडलेली असतात, पण दिलेली आकृती पाहून. कोणाला काय हवंय हे विचारून एखादं मंडल स्वतः ठरवायची वेळ त्याच्यावर येत नाही.

दुसरीकडे व्यावसायिक शाखा आहे, म्हणजे जुनं एमसीव्हीसी. तिथे हाताला काम आहे, पण तिची रचनाच वेगळ्या रुळावर केलेली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकच्या २५ टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळवायचं ठरवलं होतं. २०२० च्या धोरणाला बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज द्यावा लागला तो असा: १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी लोकांत औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी. दोष 'वळवायचं' या शब्दातच आहे. ज्यांना विज्ञान झेपत नाही त्यांना वळवायचं, असाच त्याचा अर्थ घरोघरी घेतला गेला, आणि ज्या वाटेने मागे येता येत नाही त्या वाटेला कोण आपलं मूल स्वखुशीने लावेल?

आणि विज्ञान शाखेतली प्रात्यक्षिकं? भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात विचारा, त्या ३० गुणांत मुलामुलांत फरक किती पडतो. ओहमच्या नियमाचं जर्नल उघडलं तर आलेखावरचा प्रत्येक बिंदू रेषेवर चपखल बसलेला दिसतो. खऱ्या रिओस्टॅटवर, सैल टर्मिनलवर आणि शून्यावर न येणाऱ्या ॲमीटरवर रीडिंग घेतलं तर असं कधी होत नाही. रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आलेलं असतं. मुलं आळशी आहेत म्हणून हे होत नाही. नीटनेटक्या उत्तराला गुण आहेत आणि 'माझं रीडिंग असं का आलं' या प्रश्नाला शून्य गुण आहेत, म्हणून होतं.

हा मुद्दा नीट कळायला स्टूलकडे परत जाऊ, कारण वस्तू बनवताना काय चुकतं आणि चुकल्यावर काय शिकलं जातं हे हातात घेऊनच दिसतं.

पहिली चूक प्रश्न विचारण्यात होते. मुलं बाजारात जातात आणि विचारतात, "मावशी, खाली बसून त्रास होतो का?" मावशी म्हणते, "होतो की." संपलं सर्वेक्षण. यातून एकही माप मिळत नाही. त्यापेक्षा सकाळी दोन तास तिच्या शेजारी उभं राहून नोंद करावी: ती किती वेळा उठली, उठताना कशाचा आधार घेतला, कुठल्या बाजूला जास्त झुकली, काटा कुठे ठेवते, पैसे कुठे ठेवते. गुडघ्याच्या मागच्या खळीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. मग पुठ्ठ्याची खोकी एकावर एक ठेवून १५०, २०० आणि २५० मिमी अशा तीन उंचींवर तिला बसवून पाहावं. या खोक्यांना दमडी लागत नाही आणि नंतर वाया जाणारं लोखंड वाचतं.

दुसरी चूक कापण्यात. समजा २३० मिमी उंची ठरली, १९ मिमीचा चौकोनी पाइप घेतला आणि बैठकीची चौकट ३०० बाय ३०० ठरवली. नवखा मुलगा ३०० मिमीचे चार तुकडे कापतो. दोन तुकडे समोरासमोर ठेवून त्यांच्या टोकांना बाकीचे दोन लावले की चौकट ३०० बाय ३३८ होते, कारण दोन्ही बाजूंना पाइपची जाडी मिळवली जाते. प्लायची फळी आधीच ३०० बाय ३०० कापून झालेली असते. दोन तुकडे २६२ चे हवे होते, हे त्याला मग जन्मभर सांगावं लागत नाही.

तिसरी, पाइप निवडण्यात. २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा पाइप घेतला तर मीटरला साधारण १.१८ किलो भरतो आणि सांगाडाच सुमारे सव्वादोन किलोचा होतो. १९ मिमीचा, १.२ मिमी जाडीचा घेतला तर तोच सांगाडा १.३ किलोवर येतो. हलकं झालं म्हणून आनंद, पण वेल्डिंगला बसल्यावर पंचाईत. जाड पाइपची सवय असलेला हात ३.१५ मिमीचा रॉड आणि १००च्या वर अँपिअर लावतो आणि पातळ पाइपला भोक पडतं. २ मिमीचा रॉड, ४०-५० अँपिअर, आणि एका जागी रेंगाळायचं नाही. शिवाय चारही कोपऱ्यांना आधी फक्त टाके मारायचे, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके द्यायचे, आणि दोन्ही कर्ण मोजायचे. ३०० च्या चौकटीचा कर्ण ४२४ मिमी यायला हवा. एक ४२० आणि दुसरा ४२८ आला तर चौकट तिरकी आहे. टाके असतानाच हातोडीने सरळ करता येते, पूर्ण वेल्ड झाल्यावर नाही. पुढे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरायचे, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि सांधा स्वतःकडे ओढतो.

चौथी गोष्ट चिखलाची. बाई आणि स्टूल मिळून ६० किलो धरलं तर भार सुमारे ५९० न्यूटन. चार पायांच्या १९ बाय १९ च्या टोकांवर तो पडला तर दाब येतो चौरस मिमीला ०.४१ न्यूटन. स्टूल मऊ मातीत रुततं. पायांखाली ६० बाय ६० ची पत्र्याची चकती जोडली तर दाब ०.०४१, म्हणजे दहावा हिस्सा. पण ३ मिमीच्या अशा चार चकत्यांचं वजन होतं ३४० ग्रॅम. पातळ पाइप घेऊन वाचवलेल्या वजनातला तिसरा हिस्सा इथे परत गेला. २ मिमीचा पत्रा चालेल का? वाकेल का? बनवून, वर बसून बघायचं.

याशिवाय बारीकसारीक: मरीन प्लायऐवजी साधा प्लाय घेतला तर पहिल्या पावसाळ्यात कड फुगते. एम-६ बोल्टसाठी बरोबर ६ मिमीचं भोक पाडलं तर चार बोल्ट एकदम बसत नाहीत, ६.५ चं पाडावं लागतं. पाइपवर आधी पंच मारला नाही तर ड्रिल घसरतं. बोल्टचं डोकं वर राहिलं किंवा पाइपची धार कानशीने मारली नाही तर साडी फाटते, आणि साडी फाटली की बाकी सगळं गणित बरोबर असूनही ती बाई त्या स्टूलवर पुन्हा बसणार नाही.

आता या सगळ्यातलं गुण द्यायला योग्य काय? पॉलिश केलेलं शेवटचं स्टूल? ते गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातूनही आणता येतं, आणि गुण फक्त त्यालाच असतील तर ते तिथूनच येईल. गुण द्यायचे ते ३३८ च्या चौकटीला, भोक पडलेल्या सांध्याला, आणि त्यानंतर काय बदललं याच्या नोंदीला. प्रकल्पाची वही शिवलेली, पानांना क्रमांक छापलेली आणि तारीखवार हवी. सुटी पानं घालता-काढता येतील अशी फाइल नको. प्रत्येक टप्प्याचा फोटो हवा. फसलेले नमुने फेकायचे नाहीत, परीक्षेला सोबत आणायचे. बाहेरच्या परीक्षकाने प्रत्येकाला दहा मिनिटं द्यावी आणि एक नवी अट घालावी: बाजार उतारावर भरला तर काय बदलशील? ज्याने स्वतः केलंय तो स्टूल उलटं करून बोट ठेवून सांगेल. ज्याने विकत आणलंय तो पाठ केलेलं बोलेल. हा फरक ओळखायला परीक्षकाला दहा मिनिटंही लागत नाहीत.

अंतर्गत गुण सगळीकडे फुगवलेले असतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. म्हणून तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी एकमेकांचे प्रकल्प तपासावेत: प्रत्येकाकडचे दहा, चिठ्ठी काढून निवडलेले, दुसऱ्याने नव्याने गुण द्यायचे. दोघांच्या गुणांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर त्या महाविद्यालयाचे सगळेच प्रकल्प पुन्हा तपासायचे. उरलेल्या ५० गुणांपैकी २० देखरेखीखाली दोन तासांच्या कामाला: दिलेल्या रेखाचित्रावरून एक सांधा मापात बनवणं आणि दिलेल्या वस्तूची तीन बाजूंची दृश्यं काढणं. ३० गुण लेखी, ज्यात गणित आणि साहित्याचे गुणधर्म विचारले जातील. कागद, पेन, कॅल्क्युलेटर आणि तक्ते हाताशी देऊन.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र दुसराच आहे, आणि तो सोयीचा नसला तरी रास्त आहे. हाताचं काम शाळेत आणायचं म्हटलं की ज्यांच्या आज्या-पणज्यांना जातीने तेच काम करायला लावलं त्यांच्या मनात शंका येते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेला वेळ मुलांनी घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. वंशपरंपरेचं शिक्षण म्हणून तिला प्रचंड विरोध झाला, आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. विरोध योग्यच होता. सुताराच्या मुलाला सुतारकाम आणि वकिलाच्या मुलीला कॅल्क्युलस, असा अभ्यासक्रम कोणी पुढे केला तर त्याला आजही तसाच विरोध झाला पाहिजे.

म्हणूनच हा विषय वेगळ्या शाखेत नको. जेईईची तयारी करणारी मुलगी आणि गावाकडून कला शाखेला आलेला मुलगा एकाच टेबलावर, एकाच व्हाइसला (कापायची-घासायची वस्तू घट्ट धरणाऱ्या पकडीला) उभे राहिले पाहिजेत. ज्याच्या घरी रंधा आणि पटाशी आहे त्याला इथे पहिल्यांदा वर्गात माहीतगार म्हणून मान मिळेल, आणि ज्याच्या घरी बल्बही दुसऱ्याने बदलून दिला जातो त्याला पहिल्यांदा कळेल की काटकोन साधणं किती अवघड असतं. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला त्यात खर्चाचा हिशेब आहे: ६ मीटरच्या एका पाइपात किती स्टुलं निघतील, प्रत्येक कापाला कटरच्या चकतीची सुमारे ३ मिमी जाडी जाते ती धरली का, मजुरीचे तास कुठे दाखवले. कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्यात माणसांचं निरीक्षण आहे. सगळ्यांनी सगळं करायचं, पण प्रत्येकजण वेगळ्या दाराने आत येईल.

महाराष्ट्राला हे नवं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्याच्या मंडळाने आठवी ते दहावीसाठी स्वीकारला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. काम खोटं नसायचं. गावाला लागणारी वस्तू मुलं बनवायची. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, २००२ मध्ये याच पाबळला उभी राहिली. ही परंपरा आपल्या घरात आहे. पण ज्या मुलीने दहावीपर्यंत वेल्डिंग केलं, पाण्याची चाचणी केली, तिच्या हातातलं काम अकरावीत सुटतं, कारण अकरावीत त्याचं पुढचं पाऊलच नाही. ज्या वयात बलाची समीकरणं आणि प्रत्यक्ष सांगाडा एकमेकांना भेटू शकतात, नेमक्या त्याच वयात आपण दोघांची ताटातूट करतो.

ताटातूट का करतो, तर सीईटी. अभियांत्रिकीच्या सीईटीला गणित, भौतिक, रसायन यांचे बहुपर्यायी प्रश्न, एकूण २०० गुण. पात्रतेच्या नियमांत तिसरा विषय म्हणून तांत्रिक व्यावसायिक विषय चालतो, पण सीईटीत रसायनशास्त्राचा भाग सोडवावाच लागतो. म्हणजे ज्याने द्विलक्षी विषय मनापासून केला त्याला रसायन वेगळं करायचं आहे, आणि केलेल्या कामाचं प्रवेशाच्या यादीत शून्य. देशातल्या तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने २०२१ च्या नियमावलीत अभियांत्रिकी प्रवेशासाठी चालणाऱ्या १४ विषयांची यादी दिली. तीत अभियांत्रिकी रेखाचित्र आहे, तांत्रिक व्यावसायिक विषयही आहे. दार उघडं आहे, पण राज्याच्या परीक्षेने आत पाऊल टाकलेलं नाही. दहावीला एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर आपण ३, ५ किंवा ७ गुण वाढवून देतो. या मोजक्या गुणांमुळे गावोगावच्या शाळांत ग्रेडच्या परीक्षेचे वर्ग भरतात. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या या विषयाला दहा टक्के वजन दिलं तर काय होईल याचा अंदाज यावरून करावा.

उलट उदाहरण इंग्लंडचं. तिथे डिझाइन आणि तंत्रज्ञान १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. आजच्या ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीला, उत्पादन डिझाइन, डिझाइन अभियांत्रिकी आणि वस्त्र व फॅशन असे तीन प्रकार आहेत. निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रकल्पाला, निम्मे लेखीला, आणि एकूण गुणांपैकी निदान १५ टक्के गणिताला. अभ्यासक्रम म्हणून याहून नेटका नमुना सापडणं कठीण. पण २००४ मध्ये चौदा ते सोळा वयासाठी तो सक्तीचा राहिला नाही, आणि २०१० पासून शाळांची कामगिरी ज्या विषयगटावर मोजली जाऊ लागली त्यात त्याला घेतलं नाही. मुख्याध्यापकांनी तासिका आणि पैसा मोजल्या जाणाऱ्या विषयांकडे वळवला, विद्यार्थी घटले, मग शिक्षक मिळेनासे झाले. अभ्यासक्रम उत्तम असूनही विषय आटतो, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. आपण तो प्रयोग पुन्हा करायची गरज नाही.

साधनांबद्दल थोडं. यंत्रं विकत घेतली की विषय सुरू झाला, हा समज सोडायला हवा. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि चांगल्या शिक्षकाच्या हाती तिथे चांगलं काम होतं. जिथे तसा शिक्षक नाही तिथे थ्रीडी प्रिंटरवर नावाच्या पाट्या आणि किल्लीला लावायचे गणपती छापले जातात. त्याच प्रिंटरवर छापलेला पीएलएचा हूक मे महिन्यात विदर्भात पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवून बघा म्हणावं; ५५-६० अंशांच्या आसपास ते प्लास्टिक मऊ पडतं आणि हूक वाकतो. अशा वाकलेल्या हुकाभोवती साहित्याच्या गुणधर्मांचा आख्खा धडा उभा राहतो.

वीस मुलांच्या तुकडीला दहा व्हाइस, एक ड्रिल मशीन, एक कटर, एक छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि हातहत्यारं पुरतात. हेही परवडत नसेल तर राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. आठवड्यातून एक दुपार तिथली कार्यशाळा मिळावी. शिकवायला एकटा माणूस पुरणार नाही. भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि आयटीआयचा निदेशक अशी जोडी हवी, आणि गावातल्या सुताराला किंवा फॅब्रिकेटरला तासाच्या मानधनावर बोलवावं, उपकार म्हणून नव्हे तर तज्ज्ञ म्हणून. तासिका सलग दोन तासांची हवी. चाळीस मिनिटांत हत्यारं काढण्यात आणि झाडून ठेवण्यातच पंधरा जातात, आणि घाईत केलेल्या कामाला अपघात होतात. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, हे अनेक प्रौढांनाही माहीत नसतं: फिरता बिट मोजा पकडतो आणि बोट ओढतो. काम हाताने धरायचं नाही, व्हाइसमध्ये धरायचं, कारण पातळ पाइपमधून बिट पलीकडे निघताना अडकतो आणि पाइप पंख्यासारखा फिरतो. वेल्डिंगला काळ्या काचेचा मुखवटा, सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी बाजूला. हे नियम भिंतीवर लावून भागत नाही. पहिल्या महिन्यात रोज पाळून घ्यावे लागतात.

२०२३ च्या शालेय राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात व्यावसायिक शिक्षणाचे तीन भाग केले आहेत: सजीवांसोबतचं काम, यंत्रं आणि साहित्यासोबतचं काम, माणसांच्या सेवेचं काम. राज्याला नव्या विषयासाठी वेगळी परवानगी शोधायची नाही, हा आधार पुरेसा आहे. मंडळाने विषय मान्य करून गुणांची रचना जाहीर करावी, आणि त्याच शासन निर्णयात सीईटी कक्षाने त्याचं वजन लिहून द्यावं. दोन वेगळे निर्णय दोन वेगळ्या वर्षी निघाले तर मधली तुकडी फसते आणि विषय बदनाम होतो.

तोवर ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायफोकलची कार्यशाळा आहे त्यांनी जूनमध्ये सुरुवात करायला हरकत नाही. ठरवून दिलेली प्रात्यक्षिकं तशीच ठेवून एक वर्षभराचा प्रकल्प जोडता येतो. पहिल्या महिन्यात लोखंड लागतच नाही. लागतो तो पुठ्ठा, कटर, फेव्हिकॉल, टेप आणि गुण्या, क्रमांक छापलेली एक वही, आणि बाजाराच्या दिवशी सकाळचे दोन तास मोकळे.